मे महिन्यातलं लग्न आणि कन्सीलर: तयारीची यादी

नागपुरात मे महिन्यात लग्न काढलंय म्हणजे पारा ४५ च्या वर जाणार हे धरूनच चालायचं, आणि तारीख २५ मेच्या पुढची असेल तर नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, डोक्यावर आहेच. शालू, दागिने, ब्लाउज सगळं दोन महिने आधी ठरतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि डाग झाकणारी कन्सीलरची ट्यूब मात्र आदल्या दिवशी कुणाला तरी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पिटाळून आणली जाते. ती यादीत वर घ्या. नवरीसाठी, करवलीसाठी आणि नवरीच्या आईसाठीही, कारण लग्नघरात सगळ्यात कमी झोप तिचीच होते.

खरेदी किमान तीन आठवडे आधी, दुकानं उघडल्या उघडल्या. चेहरा धुतलेला हवा, वर काहीही लावलेलं नको. गाडीवरून उतरून स्कार्फ सोडला की तोंड लालबुंद असतं, तेव्हा पाणी प्या, जरा टेका, मग शेड बघा. मनगटावर रेघ ओढण्यात काही अर्थ नाही, मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन शेडच्या बारीक रेघा ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन आरशात बघा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. पैसे मात्र लगेच देऊ नका. काही कन्सीलर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत थोडे गडद होतात. तेवढ्यात बांगड्यांचं बघून या आणि आरसा पुन्हा काढा. टेस्टर थेट डोळ्याजवळ नेऊ नका, त्याला किती जणींचे हात लागलेत कोण जाणे. आणि एकदा हळद लागली की शेड ठरवायचीच नाही. तो पिवळेपणा दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो.

आता इथली खास भानगड. आपल्याकडच्या मुली उन्हात स्कार्फ बांधल्याशिवाय गाडी काढत नाहीत. कपाळ, गाल, हनुवटी झाकलेली आणि डोळ्यांभोवतीची पट्टी तेवढी उघडी. गॉगल लावायचा कंटाळा करणारीची नेमकी तीच पट्टी रापते, आणि मग ती डार्क सर्कल्स वाढली म्हणून रडते. उजेडात नीट बघा. काळेपणा निळसर-जांभळट असेल आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी जास्त असेल तर तिथे नुसता कन्सीलर पुरत नाही, आधी करेक्टर लागतो: सावळ्या रंगाला नारिंगी, उजळ रंगाला पीच. नारिंगी रंग निळेपणा मारतो. काळेपणा तपकिरी असेल आणि कानशिलापर्यंत पसरलेला असेल तर तो बहुतेक उन्हाचा. त्यावर गालाशी जुळणारा कन्सीलर पातळ लावला तरी काम होतं. मधल्या तीन आठवड्यांत सनस्क्रीन आणि गॉगल जेवढं करतील तेवढी ट्यूब कमी लागेल. गालांवर वांग असेल तर ट्यूबच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कारण ऊन ते वाढवत राहतं.

गोरी दिसावी म्हणून दोन शेड उजळ घ्या असं सांगणारी एक काकू प्रत्येक लग्नघरात असते. तिला अक्षता वाटायला पाठवा. काळ्या वर्तुळांवर पांढरट शेड फासली की डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं आणि फोटोत ते दुप्पट उठतं. डोळ्यांखाली फार तर एक शेड उजळ; पुळीवर आणि डागावर मात्र त्वचेचीच शेड, नाहीतर पुळीवर दिवा लावल्यासारखं होतं. डोळ्यांखाली पातळ, लिक्विड कन्सीलर बरा. घट्ट स्टिक डागांसाठी ठेवा, कारण पापणीखालची नाजूक कातडी हलली की घट्ट थराला घड्या पडतात.

घरी आणल्यावर कानामागे थोडा लावून एक दिवस वाट बघा. खाज, पुरळ नाही ना, एवढंच बघायचंय. घरात जुनी ट्यूब पडलेली असेल तर तिच्यावरचं उघड्या डबीचं चित्र शोधा. त्यात १२ एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने, पुढे नाही. वास बदललेला असेल तर महिने मोजत बसू नका. ट्यूब दुपारी कारमध्ये विसरू नका. थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी उरका. आणि एकदा घरी पूर्ण मेकअप करून फ्लॅश टाकून फोटो काढाच. काही पावडरी आरशात दिसत नाहीत आणि फ्लॅशमध्ये पांढऱ्याफटक उमटतात.

लग्नाच्या दिवशी तोंड धुऊन मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि मग दहा मिनिटं काही नाही. ही दहा मिनिटं खाल्ली की वरचं सगळं सरकतं. तयारीला कूलरच्या थेट तोंडासमोर बसू नका, त्या ओलसर हवेत पावडरीचे चट्टे उठतात. करेक्टर, त्यावर फाउंडेशन, मग कन्सीलर, कारण फाउंडेशननंतर झाकायला फारसं उरतच नाही. डोळ्यांखाली मोठा त्रिकोण रंगवण्याची पद्धत ४५ अंशांत विसरा. आतल्या कोपऱ्याशी एक ठिपका, बाहेरच्या कोपऱ्याशी एक, बस्स. अर्धा मिनिट थांबा, थोडा आळू द्या, आणि अनामिकेने नुसतं थापटा. या बोटाचा जोर कमी पडतो म्हणून तेच. घासलंत तर खालचा करेक्टरही उचलला जाईल. पुळीवर मात्र बारीक ब्रशने मधोमध ठिपका द्यायचा आणि फक्त कडा विरघळवायच्या. मग वर बघा, पडलेल्या घड्या बोटाने सपाट करा, आणि लगेच त्यावर चिमूटभर लूज पावडर दाबा. घड्या मोडायच्या आधी पावडर लावली तर त्या रात्रीपर्यंत तशाच राहतात.

होमाचा धूर डोळ्यांत जाणार आहे आणि पाठवणीला रडूही येणार आहे, तेव्हा वॉटरप्रूफ घेतलेला बरा. करवलीच्या पर्समध्ये टिश्यू, दोन-चार इअरबड आणि तीच ट्यूब असू द्या. घाम टिपायचा, पुसायचा नाही. नथ घासून नाकाशेजारचा थर जातोच. तिथे आधी टिपून मग एक ठिपका. न टिपता थरावर थर चढवलात तर लॉनवर पोचेपर्यंत त्याला भेगा पडलेल्या दिसतील.

रात्री कितीही उशीर झाला तरी हे अंगावर घेऊन झोपायचं नाही. वॉटरप्रूफ थर नुसत्या फेसवॉशने निघत नाही. कापसावर क्लिन्झिंग ऑइल घेऊन डोळ्यांवर थोडा वेळ नुसतं ठेवायचं, मग अलगद खाली ओढायचं, आणि नंतर फेसवॉश. पुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल तेल मात्र नको, मायसेलर वॉटर वापरा.