जुन्या मस्टँगमध्ये व्ही-८ बसवताना हेडर कसे बसवावेत

१९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगमधून सहा सिलिंडरचं इंजिन काढून तिथे ३०२ व्ही-८ (३०२ घन इंचांचं, आठ सिलिंडरचं इंजिन) बसवणं हा अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा जुना आणि आवडता उद्योग. इंजिन मावतं, कारण याच बॉडीत फोर्डने कारखान्यातून २८९ व्ही-८ दिलं होतं. अडतं ते हेडरपाशी, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यापाशी. दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरमुळे (पुढच्या सस्पेन्शनला धरणारे पत्र्याचे उंचवटे) जागा बेताची, त्यात डावीकडे स्टेअरिंग बॉक्स. म्हणून हेडरचा निर्णय इंजिन गाडीत उतरवायच्या आधीच घ्या.

आधी हेड ओळखा, म्हणजे सिलिंडरवरचा तो भाग ज्याला हेडर जोडतात. भंगारातून बऱ्याचदा फोर्ड एक्सप्लोररचं ५ लिटरचं, म्हणजे ३०२च, इंजिन मिळतं. १९९७ नंतरच्या इंजिनांवर जीटी-४०पी हेड असू शकतात. त्यांच्या कोपऱ्यावर चार उभ्या रेघा ओतलेल्या दिसतात. हेड उत्तम, पण स्पार्क प्लगचा कोन निराळा. साध्या हेडरची नळी प्लगच्या टोपीला टेकते, रबर जळतं आणि गाडी मिसिंग करायला लागते. अशा हेडसाठी त्यांचेच हेडर घ्या, इथे काटकसर नको.

प्रकार निवडा. लांब नळ्यांचे हेडर वरच्या आरपीएमला जास्त ताकद देतात, पण स्टेअरिंगच्या दांड्या, क्लचचा आडवा बार आणि रस्ता, तिन्हींशी भांडतात. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला माझ्या मते आखूड हेडर किंवा ट्राय-वाय (चार नळ्या आधी दोन-दोन, मग एकत्र जुळणारे) योग्य. शेल्बीने मस्टँगवरून बनवलेल्या जीटी३५० वर ट्राय-वायच होते.

कच्चं बसवून बघा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गिअरबॉक्स जोडलेला हवा आणि इंजिनाचं पूर्ण वजन माउंटवर (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) आलेलं हवं. साखळीला टांगलेल्या इंजिनावर घेतलेलं माप फसवं असतं. गॅस्केट मधे घालून हेडर दोन-दोन बोल्टांवर धरा. मग प्लग वायरींसकट लावा, स्टार्टर बसवा, ऑइल फिल्टर काढता-घालता येतो का पाहा. गाडी मजबूत रॅम्पवर, चाकांवर उभी ठेवा. चाकं लटकत असली की टाय रॉड (स्टेअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या दांड्या) खाली झुकलेले असतात आणि जागा किती उरली ते कळत नाही. एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालून पाहावं. सगळीकडे साधारण १२ मिलिमीटर फट ठेवा. ॲक्सिलरेटर दाबला की रबरी माउंटवरचं इंजिन डाव्या बाजूने उचललं जातं, तेव्हा ती फट लागते. नळी कुठे घासत असेल तर ती तापवून किंचित दाबलेली चालेल. स्टेअरिंगच्या भागाला मात्र कानस लावायची नाही.

पक्कं बसवणं. हेडरची फ्लँज म्हणजे हेडला टेकणारी जाड पट्टी; तिच्यावर सरळ पट्टी धरा. वेल्डिंगने फ्लँज वाकलेली असेल तर पट्टीखालून उजेड दिसतो. तशीच लावली तर गॅस्केट टिकणार नाही, आधी मशिनवर सपाट करून आणा. हेडमधली ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांची भोकं टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा. डावा हेडर आत जाईना तर माउंट सैल करून इंजिन जॅकने थोडं उचला. सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, एकही पान्याने घट्ट करू नका. मग मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. पुढच्या पाइपचा जोड तोवर सैलच राहू द्या, नाहीतर हेडर खेचला जातो.

ब्रेक आणि पेट्रोलच्या लाइनी, स्टार्टरची केबल नळ्यांपासून दूर बांधा. जिथे जमत नाही तिथे उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. साध्या लोखंडी हेडरवर कापडी पट्टी गुंडाळायचा मोह टाळा. तिच्यात ओल धरते आणि नळी आतल्या आत गंजते. सिरॅमिक कोटिंग महाग पडतं, पण टिकतं.

पहिला स्टार्ट. हेडरला साधा रंग असेल तर धूर आणि वास येतो, तेव्हा गाडी मोकळ्यावर सुरू करा. थंड इंजिनाला टिकटिक येत असेल आणि तापल्यावर ती कमी होत असेल, तर बहुधा गळती आहे. इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. फुगे येतील तिथे गळतंय. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा त्याच क्रमाने आवळा, आणि थोडी गाडी चालवल्यावर आणखी एकदा तपासा.