एएनएम ते जीएनएम: या चुका टाळा

एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) झालेल्यांना जीएनएमच्या, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी या डिप्लोमाच्या, थेट दुसऱ्या वर्षाला बसवतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या अभ्यासक्रमात अशी सोय नाही. जीएनएम 3 वर्षांचं, आणि ते पहिल्या वर्षापासूनच करावं लागतं. पोस्ट बेसिक बीएस्सीला, म्हणजे जीएनएमनंतरच्या नर्सिंग पदवीलाही, एएनएमवरून जाता येत नाही. तिथे आधी जीएनएमची नोंदणी लागते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी असेल तर 4 वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगचा विचार जरूर करा. एक वर्ष जास्त जातं, पण हातात पदवी येते.

दुसरी चूक वयाची. पस्तिशी उलटली म्हणून कित्येक ताई अर्जच भरत नाहीत. जीएनएमला 35 ची अट आहे खरी, पण परिषदेच्या नियमात ती नोंदणीकृत एएनएमना लागू नाही. 'नोंदणीकृत' हा शब्द मात्र महत्त्वाचा. नूतनीकरण राहून गेलं असेल तर अर्जाच्या तारखेची वाट न पाहता आधी ते करून घ्या.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती नावावर. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, नोंदणी तिसऱ्याच स्पेलिंगची. विवाह प्रमाणपत्र काढून ठेवा आणि नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. राखीव जागेवर अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची तयारी कित्येक महिने आधी लागते.

कॉलेज निवडताना राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता आणि भारतीय परिचर्या परिषदेची यादी, दोन्ही त्याच शैक्षणिक वर्षाची पाहा. भिंतीवर फ्रेम केलेलं जुनं पत्र चालत नाही. घरबसल्या जीएनएम होत नाही. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसू, हा बेतही टिकत नाही: प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण भरल्याशिवाय डिप्लोमा हाती पडत नाही. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत आणि अध्ययन रजा लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

अभ्यासात अडचण येते ती वॉर्डमधल्या कामाची. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी यात एएनएमचा हात बसलेला असतो. डोसच्या गणितात मात्र घोळ होतो. 500 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं आहे आणि सेट (सलाईनची नळी) 20 थेंबांचा, म्हणजे 1 मिलीला 20 थेंब पाडणारा आहे: 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. इथे 480 ऐवजी 8 ने भागलं जातं, किंवा सेटच्या पाकिटावरचा आकडा न पाहता 60 धरला जातो. बारीक थेंबांचा मायक्रो सेट 60 चा असतो, साधा नव्हे. रोज पाच गणितं सोडवा.

केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात, 'न्यूमोनिया' लिहिलं की गुण जातात, कारण ते डॉक्टरांचं निदान झालं. नर्सचं निदान असं लिहायचं: कफ साठल्यामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही. मग त्यावरचा प्रत्येक उपाय आणि तो का, हे पुढे येतं.

पास झाल्यावर जुन्या एएनएम क्रमांकावर स्टाफ नर्सचं काम सुरू करू नका. राज्य परिषदेत नवी नोंदणी करा. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर निघण्याआधी इथल्या परिषदेचं ना-हरकत पत्र मागून घ्या.