सातवीचा अभ्यास: या चुका टाळा (निदान ‘ऋण ऋण धन’ तरी)

घरात सगळ्यात दुर्लक्षित वर्ष कुठलं असेल तर सातवी. पूर्वी स्कॉलरशिप चौथीला नि सातवीला असायची, तेव्हा निदान तेवढ्यापुरता तरी धाक होता. मग मधली काही वर्षं ती पाचवी-आठवीला गेली आणि सातवीला कुणी वालीच उरला नाही. ‘दहावीला बघू’ म्हणणारे पालक सातवीच्या प्रगतिपुस्तकावर न वाचता सही करतात. आजोबांच्या पिढीत सातवी फायनल पास झालेला माणूस गावात मास्तर व्हायचा. आज सातवीतलं पोर वडिलांना द.सा.द.शे. म्हणजे काय विचारतं आणि वडील मोबाईल पुढे करतात.

वीसेक वर्षं मी सातवीच्या मुलांना शिकवतेय. आधी शाळेत, आता घरीच. दरवर्षी मुलं नवी येतात आणि चुका जुन्याच घेऊन येतात. मुलाला अजिबात काही येत नाही असं फार क्वचित असतं. नियम पाठ असतो, पण तो कुठे लावायचा ते गळून गेलेलं असतं. कोरी पाटी परवडली, त्यावर निदान लिहिता तरी येतं. अर्धी लिहिलेली पाटी आधी पुसावी लागते, आणि पुसून घ्यायला मूल तयार नसतं.

ऋण ऋण धन

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः शिकवलेली आहे.

सहावीत मुलं पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकतात. −८ आणि −७ मिळून −१५, हे बऱ्याच जणांना नीट येत असतं. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार येतो: दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन. वर्गात याचा लगेच मंत्र होतो. नव्याने नोकरीला लागले तेव्हा मीही तो मंत्र तालासुरात म्हणून घ्यायचे. ‘ऋण ऋण धन, धन ऋण ऋण!’ शेजारच्या वर्गापर्यंत आवाज जायचा आणि मला वाटायचं, काय छान शिकवलं.

मग घटक चाचणी झाली. पहिलाच प्रश्न, −८ − ७ = ? निम्म्याहून जास्त वर्गाने ठळक अक्षरात लिहिलं होतं, +१५. तपासताना मी चिडले, आणि त्या चिडण्यातच एका मुलीची उत्तरपत्रिका हातात आली. तिने आधी −१५ लिहिलं होतं. ते खोडून, त्याच्या डोक्यावर, +१५. तिच्या घरचं किराणा दुकान होतं आणि संध्याकाळी ती गल्ल्यावर बसायची. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावलं.

“आधीचं का खोडलंस?”

“बाई, तुम्हीच सांगितलं ना, ऋण ऋण धन.”

“तुमच्या दुकानात एखाद्याची आठ रुपये उधारी आहे. तो आणखी सात रुपयांचं उधार घेऊन गेला. आता?”

“पंधरा रुपये उधारी.”

“मग त्याला पंधरा रुपये द्यायचे का घ्यायचे?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिशेब तिला नव्हे, मला येत नसावा. आणि तिचं बरोबरच होतं. तिला येत असलेलं उत्तर माझ्या मंत्राने तिच्या हातून खोडून घेतलं होतं.

त्या दिवसापासून माझ्याकडे हा मंत्र म्हणायला बंदी आहे. म्हणायचाच असेल तर ‘गुणाकारात’ हा शब्द आधी लावायचा. शिवाय दिवाळीपर्यंत प्रत्येक उदाहरणाच्या समासात मुलांनी एक अक्षर लिहायचं: बेरीज-वजाबाकी असेल तर ‘बे’, गुणाकार-भागाकार असेल तर ‘गु’. अक्षर लिहिल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. हे काही शास्त्रशुद्ध वगैरे नाही. पेन उत्तराकडे पळतं, त्याला दोन सेकंद थांबवायचं, एवढाच हेतू. घाईची मुलं हे अक्षर उत्तर लिहून झाल्यावर सगळीकडे एकदम भरतात. ते लगेच कळतं, सगळे ‘बे’ एका शाईचे आणि एका रेषेत असतात.

ऋण गुणिले ऋण धनच का, असं एखादं मूल विचारतं. त्याला ‘नियम आहे’ सांगून गप्प बसवू नका. −३ चा पाढा खाली उतरवा. −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. प्रत्येक पायरीला उत्तर तीनने वाढतंय. पुढची पायरी −३ × −१. आता तीनने वाढवा. मूल स्वतःच ३ म्हणतं. वहीच्या पाच ओळी लागतात. रील बघून ‘ट्रिक’ शिकण्यापेक्षा कमीच वेळ जातो, पण हे सांगून मी थकले.

गणितातलं बाकीचं, पटापट

मसावि-लसावि उलटे लिहिणे. यात मुलांचा दोष कमी, नावांचा जास्त. ‘महत्तम’ म्हटलेला लहान निघतो आणि ‘लघुतम’ म्हटलेला मोठा. २४ आणि ३६ यांचा मसावि १२, लसावि ७२. मसावि लहान संख्येपेक्षा मोठा आला किंवा लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान आला, की पान उलटायच्या आत थांबा.

२ चा घात ३ म्हणजे ६ लिहिणे. दोन तीनदा *गुणा*. आठ.

(अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग. यावर मी वाद घालत नाही. अ = २, ब = ३ ठेवायला सांगते. एकीकडे २५ येतात, दुसरीकडे १३. हरवलेले १२ कुठे गेले ते शोधून आण म्हणते. ते २ × २ × ३ मध्ये सापडतात.

व्यस्तप्रमाण. चार मजूर शेत सहा दिवसांत खुरपतात, तर आठ मजूर किती दिवसांत? ‘बारा.’ शेतकऱ्याच्या घरातलं मूलसुद्धा वहीत बारा लिहितं. बांधावर उभं करून विचारलं तर तेच मूल तीन सांगेल. वही उघडली की यांची अक्कल बाहेर चपलांपाशी राहते.

सरळव्याजात मुदत महिन्यांत दिली असेल तर ती वर्षांत करायची असते. ६,००० रुपये, द.सा.द.शे. १०, मुदत ९ महिने. व्याज ४५०. मुलं सूत्रात मुदतीच्या जागी थेट ९ टाकतात आणि ५,४०० काढतात. सहा हजारांवर नऊ महिन्यांत पाच हजार चारशे! सावकारसुद्धा लाजेल. द.सा.द.शे. म्हणजे ‘दर साल दर शेकडा’ हे फोडून एकदा लिहून घेतलं, तर त्यातला ‘साल’ डोळ्यांत भरतो.

विज्ञान

वजन आणि वस्तुमान. “माझं वजन ४० किलो” हे बाजारात चालतं, पेपरात नाही. किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे. वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला खेचते ते बल, ते न्यूटनमध्ये. चंद्रावर गेलात तर वस्तुमान तेच राहतं आणि वजन साधारण एक षष्ठांश होतं. मुलांना हे पटत नाही, कारण दुकानदार तर ‘वजन करतो’ म्हणतो. तर म्हणू दे.

चाल आणि वेग एकच समजणे. चाल अंतरावरून काढतात, वेग विस्थापनावरून, म्हणजे निघालो तिथपासून पोचलो तिथपर्यंतच्या सरळ अंतरावरून, दिशेसकट. घरून शाळेत नि शाळेतून परत घरी: अंतर दुप्पट झालं, विस्थापन शून्य.

मेणबत्ती जळणे हा भौतिक बदल की रासायनिक? दोन्ही. मेण वितळतं तो भौतिक, जळतं तो रासायनिक. गाइडमध्ये एकच लिहिलेलं सापडलं तर गाइड बंद करा.

बटाटा हे मूळ नव्हे. पाठ करायची गरज नाही. टोपलीत विसरलेला, कोंब फुटलेला बटाटा हातात घ्या. त्याला डोळे आहेत, डोळ्यांतून कोंब येतात. डोळे खोडाला असतात. गाजर मात्र मूळ, आणि रताळंही. हा धडा आला की माझ्या खिडकीत एक बटाटा नि एक गाजर ठेवलेलं असतं. आमच्या घरचे कंटाळलेत त्याला.

थंडी का पडते

दुसरी लाडकी चूक, आणि ही मुलांपेक्षा मोठ्यांची जास्त. ‘हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते.’

एकदा डिसेंबरात एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. इंजिनिअर होते. मुलाच्या वहीत मी हे वाक्य खोडलं म्हणून नाराज. “मॅडम, शेकोटीपासून लांब गेलं की गार वाटतं, एवढं साधं आहे हे.” मी म्हटलं, बरं, ते राहू द्या, मेलबर्नची टेस्ट बघताय का? बघत होते. पहाटे पाचला उठून, स्वेटर घालून. “तिथले प्रेक्षक कशात बसलेत?” टी-शर्टमध्ये, टोप्या घालून, नाकाला क्रीम लावून. फोनवर थोडा वेळ शांतता. पृथ्वी एकच, सूर्य एकच, सूर्यापासूनचं अंतर त्यांचं आणि आपलं तेच. मग त्यांना उन्हाळा कसा?

उलट पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा अंतर साधारण १४.७ कोटी किलोमीटर असतं. सगळ्यात लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी. आपल्याला हुडहुडी भरते तेव्हाच आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो. या चुकीचं एक मूळ आकृत्यांमध्ये आहे. पृथ्वीची कक्षा तिरक्या बाजूने बघितल्यासारखी काढतात, म्हणून ती अंड्यासारखी लांबट दिसते. प्रत्यक्षात ती जवळजवळ गोल आहे. ऋतू होतात ते २३.५ अंशांनी कललेल्या आसामुळे. वर्षभर आस एकाच दिशेला कललेला राहतो, त्यामुळे कधी उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, कधी दक्षिण. किरण तिरपे पडले की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो, आणि दिवसही लहान होतो.

हे पाठ करून बसत नाही, सावलीने बसतं. एक मीटरची काठी अंगणात किंवा गच्चीवर सरळ उभी करा. २२ डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराला पुण्याच्या परिसरात तिची सावली नव्वद सेंटिमीटरच्या जवळपास भरते. मेच्या मध्याला तीच काठी उभी करा, सावली जवळजवळ गायब. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस आपल्याला वर्षातून दोनदा मिळतात. (साडेबारा का, बारा का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचं आणि आपण त्याच्या पश्चिमेला. हा प्रश्न ज्या मुलाने स्वतःहून विचारला, त्याच्या भूगोलाची मी काळजी करत नाही.) अडचण एकच. या प्रयोगाला पाच महिने लागतात, आणि ‘एका रात्रीत भूगोल’वाल्यांकडे पाच महिने नसतात.

भूगोलातलं आणखी दोन ओळींत: नैऋत्य वारे नैऋत्येकडून *येतात*, नकाशात बाण तिकडे जाताना काढू नका. आणि उधाणाची भरती फक्त पौर्णिमेला नसते, अमावास्येलाही असते; अष्टमीला भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान. कोकणातल्या मुलांना हे सांगावं लागत नाही.

इतिहास, नागरिकशास्त्र

सातवीला मराठ्यांचा इतिहास, म्हणजे गोष्टी आधीच माहीत. तिथेच घोटाळा होतो. गोष्टी सुट्या सुट्या माहीत असतात, त्यांचा क्रम नसतो. ‘राज्याभिषेक झाल्यावर महाराज आग्र्याला गेले’ हे मी दरवर्षी वाचते. १६६५ ला पुरंदरचा तह, २३ किल्ले गेले. त्या तहानंतरच्या घडामोडींतून १६६६ ला आग्रा. १६७० पासून गेलेले किल्ले परत घेणं सुरू. मग १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक. एकातून दुसरं कसं आलं ते सांगता आलं, तर सनावळी पाठ करावी लागत नाही. पानिपताचंही तेच. एका उत्तरपत्रिकेत बाबर आणि सदाशिवरावभाऊ समोरासमोर उभे होते. १५२६ आणि १७६१ यांमध्ये सव्वादोनशेहून जास्त वर्षं आहेत, बाळा.

नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांची भेळ होते. हक्क डावलला तर न्यायालयात जाता येतं, मार्गदर्शक तत्त्वासाठी जाता येत नाही. आणि संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, अमलात आलं २६ जानेवारी १९५० ला.

भाषा

‘आणि’ ऱ्हस्व, ‘पाणी’ दीर्घ, ‘की’ दीर्घ. बोलताना घरी ‘पानी’ म्हणत असाल तर खुशाल म्हणा, ती काही चूक नाही. त्यावरून मुलांना हसणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. लिहिताना मात्र पुस्तकी ठेवा. निबंध गाइडमधून उतरवू नका. ‘माझा आवडता ऋतू’मध्ये सतरा जणांच्या घरामागे एकच खळखळणारा ओढा असतो, आणि आमच्या गावात ओढा नाही.

इंग्रजीत ‘ही’ आणि ‘शी’ पुढच्या साध्या वर्तमानकाळात क्रियापदाचा ‘एस’ विसरू नका. बस.

शेवटचं, पेन्सिलीबद्दल

गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा भौमितिक रचनांचा. त्रिकोणाचे तिन्ही कोनदुभाजक एकाच बिंदूत छेदतात, हे काढून बघायचं असतं. कंपासपेटीतल्या पेन्सिलीला टोक नसतं, कंपासचा स्क्रू ढिला असतो, आणि तीन रेषा एकत्र न येता मधे एक बारकासा त्रिकोण उरतो. मुलं मग त्या त्रिकोणात पेन्सिलीने गिरवून गिरवून एक जाडजूड ठिपका देतात आणि बाजूला लिहितात, ‘एकसंपाती’. मी खोडरबर घेते, तो ठिपका पुसते, आणि शार्पनर पुढे करते.