केमोथेरपीत तोंड येऊ नये म्हणून बर्फ

केमोथेरपीच्या काही औषधांनी, विशेषतः शिरेतून एकदम दिल्या जाणाऱ्या ५-फ्लुरोयुरॅसिलने, तोंड इतके येते की घोटभर पाणी गिळणेही नकोसे होते.

हे टाळण्यासाठी इंजेक्शन देण्याच्या ५ मिनिटे आधी बर्फाचा चुरा तोंडात धरावा आणि तो विरघळेल तसा नवा घेत, जिभेने सर्वत्र फिरवत, सुमारे ३० मिनिटे जीभ, हिरड्या आणि गालांची आतली बाजू सतत गार ठेवावी. चुराच घ्यावा, कारण मोठ्या खड्यांच्या टोकांनी आतली नाजूक त्वचा खरचटते. दातांत कळ आली तर क्षणभर थांबून पुन्हा सुरू करावे. बर्फ पिण्याच्या शुद्ध पाण्याचाच असावा.

घरी मऊ ब्रश वापरावा आणि पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र टाळावा.

बर्फ घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचे दुसरे औषध दिले जात असेल तर गारव्याने घसा आवळल्यासारखा होऊन श्वास घेणे अवघड वाटू शकते. अशा वेळी हा उपाय करू नये.