डेडलिफ्ट आणि लवणारा बार : या चुका टाळा

जिममध्ये सहज निघणारे वजन स्पर्धेच्या मंचावर जमीनच सोडत नाही, ही तक्रार पॉवरलिफ्टिंग करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. दोष कधी पाठीला, कधी अपुऱ्या झोपेला, तर कधी वजनगटात बसण्यासाठी केलेल्या उपासाला दिला जातो. दोन्ही ठिकाणचे बार सारखे होते का, हे मात्र क्वचितच कोणी तपासते.

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहण्याच्या प्रकारात, हात बारच्या मध्याजवळ असतात आणि भार दोन्ही टोकांना असतो. त्यामुळे ओढायला सुरुवात केली की बारचा मधला भाग आधी वर येतो आणि प्लेट्स त्यानंतर जमीन सोडतात. २९ मिलिमीटर जाडीच्या बारवर एकूण २०० किलो असतील, तर हे अंतर ढोबळ गणिताने दीड सेंटीमीटरच्या आसपास भरते. १०० किलोला ते त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. ज्यांची डेडलिफ्ट अजून शंभरीच्या आसपास आहे, त्यांनी बारची चिंता बाजूला ठेवून तंत्र घोटावे. मोठी वजने ओढणाऱ्यांना मात्र हा दीड सेंटीमीटर जाणवतो, आणि सुमो पद्धतीने (पाय फाकवून, हात पायांच्या आत ठेवून) ओढणाऱ्यांना अधिकच, कारण त्यांची खरी कसोटी जमिनीपाशीच लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सराव एका प्रकारच्या बारवर आणि स्पर्धा दुसऱ्या प्रकारच्या बारवर करणे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या, म्हणजे आयपीएफच्या, नियमांनुसार बारची जाडी २८ ते २९ मिलिमीटर आणि दोन कॉलरमधले (प्लेट्स आतून ज्यांना टेकतात त्या कडांमधले) अंतर १.३१ ते १.३२ मीटर असावे लागते. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिन्हींसाठी तोच बार वापरला जातो. पॉवरलिफ्टिंग इंडिया ही संस्था आयपीएफशी संलग्न असल्याने, राष्ट्रीय स्पर्धेचे ध्येय ठेवणाऱ्याने हाच ताठ बार गृहीत धरावा. अमेरिकेतल्या यूएसपीएसारख्या काही पॉवरलिफ्टिंग संघटना मात्र डेडलिफ्टसाठी २७ मिलिमीटरचा, अधिक लांबीचा वेगळा बार वापरतात. दोन मिलिमीटरने काय बिघडणार, असे वाटू शकते. पण गोल दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे लांबी सारखी धरली तरी २७ मिलिमीटरचा बार २९ च्या तुलनेत सुमारे ३३ टक्के जास्त लवतो. शिवाय बारीक बार मुठीत चांगला बसतो. त्यावरच सराव केलेला खेळाडू जाड बारवर येतो, तेव्हा जमिनीपाशी अडतो आणि वर जाता जाता पकडही गमावतो.

बार खरेदी करताना टेन्साइल स्ट्रेंग्थचा आकडा पाहून ताठपणा ठरवणे हीसुद्धा सर्रास होणारी चूक आहे. तो आकडा बार किती ताणाला तुटेल हे सांगतो, आणि बार कायमचा वाकण्याला किती विरोध करेल याचा अंदाजही त्यावरून येतो. भार असताना बार किती लवेल, हे त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरते, कारण पोलादाच्या बहुतेक प्रकारांची मूळ लवचीकता जवळपास सारखीच असते.

प्लेट्सचेही तसेच आहे. स्पर्धेतल्या कॅलिब्रेटेड (अचूक वजनाच्या) प्लेट्स पातळ असतात आणि सर्वांत जड प्लेट आतल्या बाजूला लावली जाते. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये रबराच्या जाड प्लेट्स असतात. त्यांच्यामुळे भार बाहेर सरकतो आणि तोच बार अधिक लवतो. पूर्ण आकाराची प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. त्याहून लहान प्लेट्सवर सराव केल्यास सुरुवातीची उंचीच बदलते आणि मग बारबद्दल काढलेले सगळे निष्कर्ष चुकतात.

आता तंत्राकडे वळू. बारला हिसका देऊन उचलणे ही सवय प्रत्येक बारवर वाईट, पण लवणाऱ्या बारवर ती लवकर लक्षातच येत नाही, कारण बार तो धक्का थोडाफार पचवून घेतो. ताठ बारवर तोच हिसका थेट कमरेला आणि कोपराजवळच्या बायसेप्सला बसतो. म्हणून ‘स्लॅक काढणे’, म्हणजे ओढण्याआधी बारमधला ढिलेपणा काढून घेणे, हे सावकाश शिकावे : हात पूर्ण सरळ ठेवावेत, काखेखालचे स्नायू आवळून बार नडगीशी ओढून धरावा, बार प्लेटच्या भोकाच्या वरच्या कडेला टेकल्याचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ताण वाढवावा, छाती सावरावी आणि त्यानंतरच पायांनी जमीन ढकलावी. मोबाइल एका बाजूला उभा करून चित्रीकरण केले, तर जमीन ढकलण्याआधीच कंबर वर सुटते का, हे स्पष्ट दिसते. सुटत असेल, तर वजन कमी करून याच टप्प्यावर काम करावे. मात्र मंचावर हा ताण प्लेट्स उचलल्या जातील इतका वाढवू नये. बार उचलण्याचा जाणीवपूर्वक केलेला प्रयत्नही नियमानुसार एक प्रयत्न म्हणून मोजला जातो, आणि अंतिम स्थितीपूर्वी बार खाली गेला तर लिफ्ट बाद होते.

ताठ बारवर तयारी करून लवणाऱ्या बारच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांची अडचण वरच्या टप्प्यात येते. गुडघे आणि कंबर झटक्यात सरळ केली की प्लेट्स वरखाली झुलतात आणि तोल पुढे जातो. तिथे शेवटचा टप्पा वेगाऐवजी दाबाने पूर्ण करावा आणि पंचांची ‘डाउन’ ही आज्ञा येईपर्यंत स्थिर राहावे.

स्पर्धेसारखा ताठ बार सरावाला मिळतच नसेल, तर स्पर्धेपूर्वीच्या शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत दोन सेंटीमीटर जाडीच्या रबरी मॅटवर उभे राहून डेफिसिट डेडलिफ्ट करावी आणि गुडघ्याखाली क्षणभर थांबून ओढण्याचा सराव करावा. सेटमधली प्रत्येक रेप जमिनीवर पूर्ण थांबवून सुरू करावी; प्लेट्स आपटून मिळणारी उसळी मंचावर नसते. पहिला प्रयत्न निवडताना लवणाऱ्या बारवरचा विक्रम हिशेबात धरू नये.

रॅकच्या पिनांवर भरलेला बार आपटल्याने किंवा रॅक पुल्स (पिनांवर ठेवलेला बार तिथून ओढणे) केल्याने बार कायमचा वाकतो, आणि असा बार उचलताना हातात फिरतो. शंका आल्यास रिकामा बार रॅकवर ठेवून गोल फिरवावा. मधला भाग वरखाली होताना दिसला, तर तो बार जड डेडलिफ्टसाठी वापरू नये.