एनएमएमएसला मार्क वाढवायचे ना, मग सोडवलेला पेपर परत उघडा

घरात आठवीचं पोरगं असेल किंवा तुम्ही स्वतः आठवीला शिकवत असाल तर हे तुमच्यासाठी. एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारची 2008 पासून चालू असलेली स्कॉलरशिप, आपल्याकडे परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, बहुतेक वर्षी डिसेंबरात. पोरगं निवडलं गेलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000, म्हणजे चार वर्षांचे 48,000. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा बाजूच्या कोरडवाहू कापसाच्या घरात एवढ्या पैशावर पोरीचं अकरावीचं अ‍ॅडमिशन ठरतं, म्हणून याला साधी शाळेतली एक परीक्षा समजू नका.

आधी पात्रता बघून घ्या. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत, सातवीला 55 टक्के (एससी, एसटीला 50), आणि शाळा सरकारी, झेडपी, नगरपालिकेची किंवा अनुदानित. विनाअनुदानितवाल्यांना चालत नाही, नवोदय आणि केंद्रीय विद्यालयाच्या पोरांनाही नाही. शासकीय वसतिगृहात राहणाऱ्यांनाही लाभ मिळत नाही, हे नंदुरबारकडच्या पालकांना बऱ्याचदा उशिरा कळतं, तेव्हा शाळेत आधीच विचारा.

पेपर दोन, एकाच दिवशी. मॅट म्हणजे बुद्धिमत्ता, 90 प्रश्न 90 मिनिटं, आणि सॅट म्हणजे शाळेचे विषय, त्यालाही 90 प्रश्न 90 मिनिटं. सॅटमध्ये विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित फक्त 20. आता आपल्याकडे काय होतं, जादा तास लागले की सगळे सर गणितच घेत बसतात आणि इतिहास-भूगोल पोरं घरी वाचतील म्हणून सोडून देतात, आणि ती काही वाचत नाहीत भो! 35 मार्क तसेच जातात. माझं स्पष्ट मत आहे, मागे असलेल्या पोराचे मार्क सगळ्यात लवकर समाजशास्त्रात वाढतात.

सॅटला सातवी पूर्ण आणि आठवीचं पहिलं सत्र असतं. आठवीचं शाळेत शिकवणं चालूच असतं, तर सातवीचं जून ते ऑगस्टमध्येच उरकून टाका, कारण दसऱ्यापासून कापूस वेचणीला पोरं घरच्यांसोबत वावरात जातात, मग दिवाळीची सुट्टी, आणि दिवाळीनंतर सातपुड्याकडची काही कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरवर भरोसा ठेवून केलेलं टाइमटेबल आपल्याकडे टिकत नाही. त्या दोन महिन्यात फक्त सराव पेपर ठेवा, तोही रविवारी सकाळी.

आता मुद्द्याचं. बऱ्याच ठिकाणी पेपर सोडवतात, मार्क मोजतात आणि पुढचा पेपर वाटतात. अशाने दहा पेपर झाले तरी पोरगं तिथंच. त्यापेक्षा पेपर कमी घ्या पण प्रत्येक पेपरनंतर तेवढाच वेळ चुका बघायला द्या, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे पोरालाच एक अक्षर लिहायला लावा. 'वा' म्हणजे वाचण्यात चुकलं, 'ये' म्हणजे येतच नव्हतं, 'टा' म्हणजे टाइम पुरला नाही. विचारलं तर पोरगं सांगतं, "सर, माले येत व्हतं पन टाईम पुरना नही," आणि पेपर काढून बघितला तर तिथं 'वा' च निघतो! कोणतं अक्षर जास्त आलं त्यावर पुढचा आठवडा ठरवा.

'वा' जास्त असेल तर अजून शिकवून उपयोग नाही. प्रश्नात 'चुकीचे विधान कोणते', 'नाही', 'वगळता' असं आलं की त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा. घरी अहिराणी, भिली नाहीतर पावरी बोलणाऱ्या पोरांना तर विसंगत, अनुक्रमे, सहसंबंध, प्रतिबिंब असले शब्दच अडतात, गणित नाही अडत. जुने पेपर काढून अशा शब्दांची एक यादी करा, भिंतीवर लावा, घरच्या बोलीत अर्थ सांगा. हे फुकटचं काम आहे आणि फरक दिसतो.

'ये' जास्त असेल तर मॅटचे प्रकार एकेक करून घ्या. 30 पर्यंत वर्ग आणि 15 पर्यंत घन पाठ असले की संख्यामालिका निम्म्या सुटतात. 2, 6, 12, 20, 30 दिसलं की फरक लिहायचा, 4, 6, 8, 10, पुढचा 12, उत्तर 42. इंग्रजी अक्षरांसाठी ई, जे, ओ, टी, वाय हे 5, 10, 15, 20, 25 वर असतात एवढं लक्षात ठेवलं की मोजत बसावं लागत नाही. आरशातलं घड्याळ असेल तर 11:60 मधून वजा करा, 3:40 चं 8:20 येतं. रांगेत डावीकडून नववा आणि उजवीकडून बारावा असेल तर बेरीज करून एक कमी, म्हणजे 20 जण. नात्यांचे प्रश्न डोक्यात करू देऊ नका, कागदावर वंशावळ काढायलाच लावा.

'टा' वाल्यांना दोन फेऱ्या शिकवा. पहिल्या फेरीत जमेल ते भराभर, अडलं की प्रश्नाला गोल करून पुढे. दुसऱ्या फेरीत गोल केलेले. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटची पाच मिनिटं ठेवायची आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, तरी कोरे सोडून येणारी पोरं दरवर्षी असतात, काय बोलावं.

ओएमआरची, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, झेरॉक्स काढून प्रत्येक सराव त्याच्यावरच घ्या, आणि पेनानेच, कारण पेनाचं खोडता येत नाही. प्रश्न सोडला की गोळा एक ओळ वर-खाली सरकतो आणि मग पुढची सगळी उत्तरं चुकतात, तर दर दहा प्रश्नांनी नंबर जुळवून बघायचा.

पास व्हायला 40 टक्के, एससी-एसटीला 32, पण तेवढ्यावर खुश होऊ नका, निवड जिल्ह्याच्या कोट्यात मेरिटने होते.

आणि एक, फॉर्म भरतानाच आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँक पासबुक या तिन्हीवर पोराचं नाव सारखं आहे का बघा. निवड झाल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करावा लागतो, दरवर्षी रिन्यू पण करावा लागतो, आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडकू शकतात. दहावीला 60 टक्केही लागतात, एससी-एसटीला 55, नाहीतर अकरावीपासून स्कॉलरशिप बंद.