टाकी लवकर रिकामी होतीय? आधी फ्लश बघा

बेळगावात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला आलं की आपण सिंटेक्स काठोकाठ भरून ठेवतो, आणि चार दिवसांत टाकी तळाला. नळ तर कुठला ठिबकत नाही. मग बहुतेक वेळा चोर संडासातल्या फ्लशच्या टाकीत असतोय, आवाज न करता पाणी भांड्यात उतरत राहतं, बारीक धार असते म्हणून दिसतच नाही.

बघायचं कसं:

१. रात्री सगळे झोपले की फ्लशच्या टाकीचं झाकण काढून जिलेबीला घालतात तो रंग चिमूटभर टाका.
२. अर्धा तास फ्लश करायचा नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.
३. भांड्यात रंग उतरला तर गळती आहेच.

आता टाकीत उभी नळी असते तिच्या तोंडापर्यंत पाणी चढलंय का बघा. चढलं असेल तर फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याचा, स्क्रू फिरवून पाणी इंचभर खाली आणा, झालं काम. तसं नसेल तर तळातला रबरी वायसर बघायचा. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यावर पांढरा थर धरलेला असतोय, बोटाला खरखरीत लागतो. लिंबू चोळून धुवा, रबर कडक झालं असेल तर सरळ नवीन घाला, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं, फक्त जुना वायसर सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.

आणि बघून झालं की लगेच दोनदा फ्लश करा, रंग रात्रभर राहिला तर डाग पडतो. रंगपंचमीचा उरलेला रंग तर अजिबात नको.